बसने नोकरीला जाणाऱ्याने पुण्यात घर कुठे पाहावे?

कात्रजकर:

पुण्यात भाड्याचे घर शोधताना एजंटपासून नातेवाइकांपर्यंत प्रत्येक जण ‘ऑफिस किती किलोमीटरवर पडेल?’ एवढेच विचारतो. दुचाकी असणाऱ्याला तो प्रश्न पुरतो. मी मात्र गेली अकरा वर्षे शिवाजीनगरला बसने नोकरीसाठी जातो आणि माझे ठाम मत झाले आहे की बसने जाणाऱ्याने किलोमीटर बाजूला ठेवून आधी हे पाहावे, की घराजवळच्या थांब्यावर बस रिकामी येते की भरून येते.

पूर्वी मी पद्मावतीला राहत होतो. कात्रजहून निघालेली बस भारती विद्यापीठ, बालाजीनगर घेत सकाळी नऊच्या सुमारास पद्मावतीला येईपर्यंत दाराच्या पायरीवरही माणसे उभी असत. डब्याची पिशवी छातीशी धरून, एका हाताने दांडी पकडून शिवाजीनगरपर्यंत उभे राहायचे आणि ऑफिसात पोहोचल्यावर आधी मनगट चोळत बसायचे, हा रोजचा क्रम होता. करार संपल्यावर मी मुद्दाम उलट्या दिशेला, कात्रजला घर घेतले. अंतर वाढले, प्रवास पंधरा मिनिटांनी लांबला, पण बस तिथूनच सुटत असल्यामुळे बसायला जागा मिळते आणि तो सगळा वेळ माझ्या वाचनाचा होतो.

दुसरा मुद्दा गाडी बदलण्याचा. जून २०२५ पासून पहिल्या पाच किलोमीटरना १० रुपये पडतात आणि पास नसेल तर गाडी बदलली की पुन्हा पहिल्या टप्प्यापासून तिकीट सुरू होते. पैशांचे एक वेळ जमवता येते. पहिली बस पाच मिनिटे कोंडीत अडकल्यामुळे चुकलेली दुसरी बस मात्र अर्धा तास घेऊन जाते. थेट बस असलेला हमरस्ता सोडून भाडे कमी म्हणून आत घर घेणाऱ्यांनी हा अर्धा तास भाड्यात मिळवून पाहावा.

उंड्रीहून:

आपले म्हणणे मनापासून वाचले, पण मला ते निम्मेच पटले, कारण त्यात फक्त सकाळ आहे. शिवाजीनगरहून तुमची परतीची बसही तिथूनच सुटते, म्हणून संध्याकाळीही तुम्हाला जागा मिळत असावी. माझे ऑफिस टिळक रस्त्यावर आहे. संध्याकाळी साडेसहाला मला वाटेतच चढावे लागते आणि तेव्हा घर सुटण्याच्या ठिकाणाजवळ आहे याचा काही उपयोग होत नाही. उलट जितके शेवटच्या थांब्याजवळ राहावे तितके अधिक वेळ उभे राहावे लागते. दिवसभराच्या कामानंतरचे ते उभे राहणे सकाळच्यापेक्षा कितीतरी जड जाते.

भाड्याचा मुद्दाही आपण फार लवकर सोडला. उंड्री २०१७ मध्ये महापालिकेत आली. घरे भराभर उभी राहिली, रस्ते आणि बस मात्र त्या वेगाने आल्या नाहीत, हे इथे राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तरीही आम्ही इथे राहतो, कारण दोन मुले आणि सासूबाई यांच्यासह पाच माणसांना पुरेल असे घर हमरस्त्याला लागून घेणे आम्हाला झेपत नाही. बसच्या सोयीने घर निवडणे म्हणजे घरातल्या एका माणसाच्या सोयीने निवडणे होय, आणि बाकीच्या चौघांची शाळा, दवाखाना, भाजी यांचा विचारही कुणीतरी करायचा असतो.

शिवाय थांब्यापासून घरापर्यंतच्या वाटेबद्दल आपण काहीच लिहिले नाही. माझ्या थांब्यापासून सोसायटीच्या फाटकापर्यंत साधारण चारशे पावले आहेत आणि त्या वाटेवर दोनच दिवे लागतात. पावसाळ्यात दुसऱ्या दिव्यापुढे पाणी साचते, म्हणून रस्त्याच्या मधून चालावे लागते आणि मागून येणाऱ्या गाडीचा उजेड पडला की भिंतीला टेकून थांबावे लागते. घर पाहायला आम्ही सकाळी अकराला गेलो होतो, त्यामुळे यातले काहीच दिसले नाही. बाईमाणसाने घर निवडताना बसमधल्या जागेआधी ही चारशे पावले पाहावीत, असे मी आग्रहाने सांगेन.

शुक्रवार पेठेतून:

आपण दोघेही घर एका नोकरीला बांधत आहात, असे मला वाटते. मी गेल्या नऊ वर्षांत तीन नोकऱ्या बदलल्या. पहिली हडपसरला, दुसरी कोथरूडला आणि आताची पिंपरीला. घर तेच राहिले. पेठेतली जागा लहान आहे, जुन्या इमारतीचा जिना अरुंद आहे, गाडी लावायला जागा नाही. पण गाडीच नसल्यामुळे ते अडत नाही. बाजीराव रस्त्याने बस शनिवारवाड्याकडे जातात आणि शिवाजी रस्त्याने स्वारगेटकडे येतात. दोन्ही रस्ते एकेरी आहेत, आणि माझे घर त्या दोहोंच्या मध्ये असल्यामुळे जाण्याचा आणि येण्याचा थांबा दोन्ही तीन-चार मिनिटांवर आहेत. स्वारगेट चालत गाठता येते. २९ सप्टेंबर २०२४ ला तिथपर्यंत मेट्रो आल्यापासून तर पिंपरीचा प्रवास आधीसारखा राहिलेलाच नाही. एका थेट बसवर विसंबण्यापेक्षा जिथे पुष्कळ मार्ग एकत्र येतात, तिथे राहणे शहाणपणाचे आहे, कारण एक मार्ग बंद झाला किंवा वळवला गेला तरी आपण अडकत नाही.

कात्रजकरांना एवढेच विचारतो, की स्वारगेट-कात्रज भुयारी मेट्रोच्या कामामुळे सातारा रस्ता अडला तर आपल्या थेट बसचे काय होईल?

कात्रजकर:

मेट्रोच्या कामात आमचा रस्ता अडेल, हे मला मान्य आहे. याच रस्त्यावर २००६ च्या अखेरीस बीआरटी सुरू झाली, तेव्हा बसला स्वतंत्र मार्गिका मिळण्याचे महत्त्व आम्ही पाहिले आणि ती मोकळी न राहिल्यास काय होते तेही पाहिले. तरी काम संपल्यावर कात्रजहून सुटणारी मेट्रोही रिकामीच मिळेल, म्हणून मी घर सोडणार नाही. पेठेतले आपले घर खरोखर मोक्याचे आहे. पण तशी जागा आज नव्याने शोधणाऱ्या पाच माणसांच्या कुटुंबाला परवडेल, असे मला वाटत नाही.

उंड्रीच्या ताईंचा संध्याकाळचा मुद्दा मात्र मी पूर्ण स्वीकारतो. माझी परतीची बसही तिथूनच सुटते, ही सोय मी गृहीत धरली होती. म्हणून माझ्या सल्ल्यात दुरुस्ती करतो: अनामत रक्कम देण्यापूर्वी, सुट्टी नसलेल्या दिवशी, ऑफिस सुटण्याच्या वेळी ऑफिसजवळच्या थांब्यावरून त्या घरापर्यंत बसनेच जावे आणि अंधार पडल्यावर थांब्यापासून दारापर्यंत चालून पाहावे. दोन बस सोडाव्या लागल्या तर त्या मोजाव्यात. एजंटला ही वेळ गैरसोयीची वाटते, पण घरात आपल्याला राहायचे आहे.

उंड्रीहून:

हे पटले. आमचा अकरा महिन्यांचा करार मे महिन्यात संपतो. बिबवेवाडीत एक घर सुचवले गेले आहे, भाडे साडेतीन हजारांनी जास्त आहे आणि सासूबाईंचा दवाखाना तिथून जवळ पडतो. येत्या मंगळवारी ऑफिस सुटल्यावर तिकडे बसने जाऊन येईन. यजमान थांब्यावर भेटतील, चालायचे अंतर आम्ही दोघे मिळून पाहू.