हिवाळ्यातलं महाबळेश्वर: तुमचे अनुभव लिहा

लिंगमळावासी

महाबळेश्वर म्हटलं की बाहेरच्यांना मे महिना आठवतो, नाहीतर धुकं आणि पाऊस. आम्हा इथल्यांचा आवडता काळ मात्र कार्तिक सरल्यापासून महाशिवरात्रीपर्यंतचा. पाऊस इथे 5,000 मिलिमीटरच्या वर पडतो. त्या चार महिन्यांत घरांना गवताच्या झडी (आडोसे) लावून आत बसावं लागतं, कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल येते. मग दिवाळीनंतर आभाळ एकदम स्वच्छ होतं आणि माणसं घराबाहेर पडतात. गावातली सगळी मजा या तीन-चार महिन्यांत असते, आणि तिच्याबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून हा धागा काढतेय.

पॉइंटांची यादी नको, ती कुठेही मिळते. थंडीत तुम्ही काय करता, काय खाता, कुठे जमता ते लिहा. महाबळेश्वर, पाचगणी, भिलार, तापोळा, प्रतापगड, खालची वाई, घाटापलीकडचं पोलादपूर, सगळे या.

सुरुवात माझ्यापासून. थंडीत आम्ही शेजारणी पहाटे विल्सन पॉइंटला चालत जातो. जुने लोक त्याला अजून सिंदोळाच म्हणतात. महाबळेश्वरातली सगळ्यात उंच जागा ती, आणि सूर्य उगवताना नि मावळताना दोन्ही वेळा दिसतो अशीही तीच. डिसेंबरात पूर्वेकडच्या दऱ्या ढगांनी भरलेल्या असतात आणि कमळगडाचा माथा तेवढा वर आलेला असतो. परतताना बाजारात गाजर-मुळ्याच्या ताज्या जुड्या आलेल्या असतात. पाल्यासकट घेतो, नळावर धुतो आणि खातच घरी येतो. इथलं थंडीतलं गाजर एकदा खाल्लं की शहरातलं गोड लागत नाही.

वेण्णाकाठ

लहानपणापासून तलावाजवळ राहतोय, त्यामुळे हिमकणांबद्दल मीच लिहितो.

डिसेंबर-जानेवारीत एखाद्या पहाटे वेण्णा तलावाची जेट्टी, बोटी, गाड्यांचे टप आणि काठचं गवत पांढरं होतं. वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी ‘महाबळेश्वरात दवबिंदू गोठले’ असा मथळा येतो, आणि लोक विचारतात की हवामान खात्याचा आकडा तर 8-10 अंश आहे, मग बर्फ कसा? कारण साधं आहे. वेधशाळा उंचावर आहे, तलाव आणि लिंगमळ्याचा भाग खोलगट. वारा पडलेला आणि आभाळ निरभ्र असलं की जमीन रात्रभर उष्णता सोडत राहते, थंड झालेली हवा जड असते, ती उतरून या खोलग्यात साचते. त्यामुळे गावात स्वेटरवर भागतं तेव्हा तलावाकाठी पारा शून्याच्या आसपास गेलेला असतो.

ज्यांना बघायचंय त्यांनी आदल्या संध्याकाळी दोन गोष्टी बघाव्यात: वारा थांबलाय का आणि आभाळात एकही ढग नाही ना. दोन्ही जमलं तर सूर्य उगवायच्या आधी पोचा. ऊन आलं की काही मिनिटांत सगळं पाणी होतं. आम्ही पोरं गाड्यांच्या टपावरचे हिमकण खरवडून त्यांचे गोळे करायचो, ज्याचा मोठा होईल त्याला बाकीच्यांनी गरम कणीस खिलवायचं. आता माझी मुलं तेच करतात. तलाव 1842 साली साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी बांधून घेतला तो गावाच्या पाण्यासाठी, पण आमच्या किती पिढ्यांचं बालपण त्याच्या काठावर गेलं!

गादीवाफा

वेण्णाकाठदादा, तुम्हाला हिमकणांची मजा वाटते, आमचा जीव मुठीत येतो हो. स्ट्रॉबेरीच्या पानांवर ते बसले की पान करपतं, फूल काळं पडतं. त्या रात्री आम्ही झोपत नाही. वाफ्यांवर प्लॅस्टिक, कापड, जे असेल ते अंथरतो, कुणी पहाटे तुषार सुरू करतं.

पण थंडी हवीच. थंडीत फळ सावकाश पिकतं म्हणून त्यात गोडी भरते. एकदम ऊन तापलं की फळ भराभर लाल होतं आणि आंबट राहतं. आमच्याकडे मदर प्लँटपासून पावसाळ्यात रोपं करतो, पाऊस ओसरला की गादीवाफ्यांवर मल्चिंग पेपर आणि ठिबक टाकून लागण. कॅमारोजा, स्वीट चार्ली, विंटर डॉन, नाभिला अशा जाती. नोव्हेंबर-डिसेंबरात पहिला तोडा निघतो तो दिवस आमच्या घरी सणाचा असतो. पहिली पाटी विकायची नाही. थोडी ग्रामदैवताला, थोडी सासूबाईंच्या माहेरी, उरलेली शेतात काम करणाऱ्या बायकांच्या घरी.

तोडा उन्हाच्या आधी करायचा. बोटांनी देठ खुडायचं, फळ चिमटायचं नाही. हात पहिल्या अर्ध्या तासात बधिर होतात, मग बांधावर शेकोटी करतो, काळा चहा होतो, आणि ओव्या-गाणी सुरू होतात. आमच्यातल्या एक आजी जात्यावरच्या ओव्या स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात म्हणतात. वीस-बावीस वर्षांच्या पोरी सुरुवातीला लाजायच्या, आता त्याच पुढची ओळ उचलतात. फळ पनेटमध्ये, म्हणजे छोट्या डब्यांत, भरताना लहान-मोठं वेगळं करायचं, बारकं फळ कारखान्याला जॅम-क्रशसाठी जातं. आठच्या आत गाडी भरून वाशी-पुण्याकडे निघाली पाहिजे.

2010 साली आमच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून गिऱ्हाईक नाव विचारून घेतं. शेतात येऊन स्वतः तोडून खाणारे पाहुणेही वाढलेत. या, जरूर या. फक्त दोन वाफ्यांच्या मधून चाला, वाफ्यावर पाय देऊ नका. आणि मुलांना सांगा की अर्धं लाल फळ खुडलं तर ते नंतर गोड होत नाही. आंबा आढीत पिकतो, स्ट्रॉबेरी नाही.

दुपारी काम संपलं की मी गावातल्या पुस्तकांच्या घरी जाते. आमचं भिलार 2017 पासून पुस्तकांचं गाव आहे. सुरुवातीला 25 ठिकाणी पुस्तकं ठेवली होती, एका घरात कविता, एका घरात इतिहास, एका घरात चरित्रं. कुणीही यावं, ओसरीवर बसून वाचावं, पैसे नाहीत. पावसाळ्यात तिथे बसवत नाही, मे महिन्यात गर्दी. जानेवारीच्या दुपारी मात्र ऊन पाठीवर घेऊन दोन-दोन तास वाचते. शाळा सातवीत सुटली होती माझी. चरित्रं वाचायची गोडी या ओसऱ्यांवर लागली.

कंदीपेढा

गादीवाफाताई, फार सुंदर लिहिलंत. भिलारला माझी मावशी असते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिच्याकडे वाण म्हणून स्ट्रॉबेरीची पनेट देतात. साताऱ्यात आम्ही तिची वाट बघतो!

कुंभरोशीचे गुरुजी

प्रतापगडाच्या पायथ्याशी नोकरी झाली, म्हणून शिवप्रतापदिनाबद्दल लिहितो. 10 नोव्हेंबर 1659 ही अफझलखानाच्या वधाची इंग्रजी तारीख सगळ्यांना पाठ असते. गडावर उत्सव होतो तो तिथीने, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीला, म्हणजे बहुधा ऐन थंडीत.

आमच्या मुलांची तयारी महिनाभर आधी सुरू होते. शाळा सुटल्यावर पटांगणात लेझीम, दांडपट्टा, पोवाड्याची तालीम. अंधार लवकर पडतो, जावळीच्या खोऱ्यात तर उन्हं चारलाच डोंगराआड जातात, म्हणून पालक कंदील, बॅटऱ्या घेऊन मुलांना न्यायला येतात आणि तालीम बघत थांबतात. त्या दिवशी पहाटे भवानीमातेची पूजा, मग ध्वजारोहण, पालखी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्यापर्यंत जाते, हेलिकॉप्टरमधून पुष्पवृष्टी होते. पुतळ्याचं अनावरण 30 नोव्हेंबर 1957 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झालं होतं. गावातल्या म्हाताऱ्यांनी ती गर्दी पाहिलेली, ते अजून सांगतात.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो पालखीनंतरचा वेळ. मोठी मंडळी निघून जातात, आणि वाडीवाडीवरून आलेले लोक तटाच्या उन्हात भाकरीची फडकी सोडून जेवायला बसतात. नाचणीची भाकरी, झुणका, लाल मुळा. एका पंगतीत पारचे, दुधगावचे, वाड्यांवरचे धनगर, सगळे. नातीगोती तिथे जुळतात, सोयरिकीसुद्धा.

आंबेनळी

गुरुजी, आम्ही घाटाखालचे, पोलादपूरचे. तुमच्याकडे थंडी पडली की आमच्याकडे पोपटीचे दिवस येतात. वालाच्या शेंगा भरल्या की मडकं घ्यायचं, तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, बटाटे, अंडी, कुणाकडे मसाला लावलेली कोंबडी. वर पुन्हा पाला गच्च दाबायचा, मडकं उलटं ठेवायचं, भोवती काटक्या-गोवऱ्या रचून पेटवायचं. पाणी, तेल काही नाही. पाल्याच्या वाफेवरच शिजतं. झालं की नाही ते मडक्यावर पाण्याचे शिंतोडे मारून कळतं: चर्र आवाज होऊन पाणी लगेच उडालं की उतरवायचं.

दर जानेवारीत एका शनिवारी आम्ही पाला, शेंगा, मडकं सगळं गाडीत घालून आंबेनळी घाट चढतो आणि महाबळेश्वरच्या मित्राच्या परसात पोपटी लावतो. भांबुर्डी आमच्या शेतांच्या बांधावर लागते तशी वर मिळत नाही, म्हणून पाला खालूनच न्यायचा. ते लोक आम्हाला स्ट्रॉबेरी आणि मध देतात. वरच्या थंडीत गरम शेंग सोलून खायची मजा खाली येत नाही, हे मी पोलादपूरचा असून मान्य करतो.

टेबललँडवाली

पाचगणीकडून थोडक्यात. थंडीत टेबललँडवर सकाळी सातच्या आत जावं. घोडे, गाड्या, दुकानं काही सुरू नसतं. जांभ्याचं ते प्रचंड सपाट पठार आणि त्यावर धावणारी निवासी शाळांची मुलं, बस्स. गवत सोनेरी झालेलं असतं. आमचा महिलांचा चालण्याचा गट कडेकडेने पूर्ण फेरी मारतो. एका बाजूला कृष्णेचं खोरं आणि धोमचं पाणी दिसत राहतं. दुपारकडे वारा नीट लागला की पॅराग्लायडिंगवाल्यांच्या छत्र्या दरीवर निघतात. माझ्या वडिलांनी साठीनंतर प्रशिक्षकाबरोबर उडी घेतली. उतरल्यावर कितीतरी वेळ ते फक्त हसत होते.

घाटवाट

डोंगरात फिरणाऱ्यांनी थंडीत एकदा तरी ढवळे घाटाने वर यावं. पोलादपूरजवळच्या ढवळे गावातून निघायचं, चंद्रगड बघून किंवा तसाच सोडून घनदाट रानात शिरायचं, बहिरीची घुमटी, जोरचं पाणी, गाढवाचा माळ असं करत आर्थर सीटला निघायचं. आर्थर सीटचं जुनं नाव मढीमहाल. कोकण आणि देश यांच्यातली ही जुनी वाट. दिवस मोडतो, चढ छातीवर येतो, आणि रानात वाट फुटत नाही, म्हणून ढवळ्यातला माहीतगार बरोबर घ्याच. आम्हाला वाट दाखवणारे काका सत्तरीच्या पुढचे होते. लहानपणी ते याच वाटेने वडिलांबरोबर क्षेत्र महाबळेश्वरला शिवरात्रीला यायचे. वर पोचलो तेव्हा पर्यटक रेलिंगला टेकून फोटो काढत होते, आणि काका दरीकडे पाठ करून आधी क्षेत्राच्या दिशेने हात जोडून उभे राहिले.

पाणी भरपूर घ्या. नोव्हेंबर-डिसेंबरात वाटेतलं पाणी टिकून असतं, फेब्रुवारीनंतर भरवसा नाही. कड्यांवर आग्या मोहोळं असतात, तिथे धूर, अत्तर, आरडाओरडा अजिबात नको.

लाँचमधून जायची हौस असेल तर वासोटा. बामणोलीहून वनखात्याची परवानगी काढून कोयनेचा शिवसागर जलाशय ओलांडायचा, अभयारण्यातून व्याघ्रगड, म्हणजेच वासोटा, चढायचा आणि संध्याकाळच्या आत परतायचं. पावसाळ्यातल्या जळवा थंडीत नसतात.

लिंगमळावासी

सगळ्यांचे आभार, हे वाचून मला माझंच गाव नव्याने कळतंय. रात्री गाडी चालवणाऱ्यांसाठी एक सांगते: थंडीत गवे रस्त्यावर येतात, लिंगमळा, मेटगुताडच्या बाजूला विशेष. वळणावर वेग कमी ठेवा, दिसला तर गाडी थांबवा, हॉर्न वाजवू नका. तो त्याच्या वेळेने जातो. आणि नाताळ ते 1 जानेवारी या आठवड्यात वाई-पाचगणी रस्ता तुंबतो, तेव्हा जमलं तर त्याच्या पुढच्या आठवड्यात या.

मधाबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. मांघरचं कुणी आहे का इथे?

मांघर

आहे ना ताई! आमचं गाव 2022 मध्ये ‘मधाचं गाव’ झालं, पण पेट्या त्याच्या कितीतरी आधीपासूनच्या. घरोघरी सातेरी माश्या. सातेरी शांत असते, आग्यासारखी पेटीत न राहणारी नाही, म्हणून परसात पाळता येते. थंडीत आमचं काम कमी आणि जपणं जास्त असतं. पेटीचं तोंड वाऱ्याच्या बाजूला नको, पोळ्याला थंडी लागू नये म्हणून वरून गोणपाट, मुंग्यांसाठी पायांखाली पाण्याच्या वाट्या. दुपारी ऊन आलं की माश्या बाहेर पडतात. पहाटे फुलं उघडी असली तरी एकही दिसत नाही.

शाळेतल्या मुलांना आम्ही याच दिवसांत पेटी उघडून दाखवतो. राणी कोणती, कामकरी कोणती, नर कोणता, हे मुलं पटकन ओळखायला शिकतात. सुट्टीत आलेली मुंबईची नातवंडं पहिल्या दिवशी जाळीच्या आड उभी राहतात आणि जायच्या दिवशी पेटीतली पोळ्याची चौकट हातात धरतात. जांभळाचा मध नंतर उन्हाळ्यात निघतो. थंडीत आलात तर साठवणीतला मिळेल, तो थंडीने घट्ट होऊन दाणेदार झालेला असतो. लोक भेसळ समजून परत करतात. तसं काही नसतं, कोमट पाण्यात बाटली ठेवली की सुटतो. आम्ही तर तो तसाच गरम नाचणीच्या भाकरीवर घेतो. गावात शिरल्यावर कोणत्याही घरी विचारा, पेट्या दाखवायला कुणी नाही म्हणत नाही. दुपारी बारा ते तीन या, तेव्हा माश्या कामावर असतात.