वाशिष्ठीकाठचे आम्ही : चिपळूणकरांचे अनुभव

वाशिष्ठी नदी म्हटलं की बाहेरच्यांना फक्त पूर आठवतो. आपल्या घरात, धंद्यात, बोलण्यात ती वर्षभर कशी असते, ते लिहा. चार ओळी असल्या तरी चालतील.

•

बाजारपेठेत आमचं कापडाचं दुकान, वर घर. 26 जुलै 2005 ला पाणी जिथवर चढलं तिथे सासऱ्यांनी भिंतीवर तेलरंगाने रेघ मारली. पुढची सोळा वर्षं आमचा सगळा हिशेब त्या रेघेवर. माळा तिच्या वर, इन्व्हर्टर तिच्या वर, लग्नसराईचा भारी माल तिच्या वर.

22 जुलै 2021 च्या पहाटे आधी मोरीतून पाणी उलटं आलं. आम्ही सवयीने होतं नव्हतं ते रेघेच्या वर चढवलं आणि वरच्या मजल्यावर जाऊन बसलो. उजाडलं तेव्हा रेघ पाण्याखाली होती. पाणी ओसरल्यावर पैठण्या उलगडल्या, तर प्रत्येक घडीत गाळाचा थर, सायीसारखा पातळ. सासरे काही बोलले नाहीत. आठवड्याभराने त्यांनी नवी रेघ मारली. जुनी मात्र पुसू दिली नाही.

•

माझं माहेर कराड, कृष्णा-कोयनेच्या संगमाजवळ. लग्न होऊन इथे आले तो मे महिना. विहिरी तळाला गेलेल्या आणि वाशिष्ठी मात्र वाहतेय! दीर म्हणाले, "वहिनी, हे तुमच्याच कोयनेचं अवजल." धरणातलं पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्यांनी पोफळीला येतं, वीज करतं, आणि कोळकेवाडी धरणावरून इकडे सुटतं. कृष्णा पाणीवाटप लवादाने त्यासाठी वर्षाला 67.5 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी ठरवून दिलंय. वीजनिर्मिती वाढली की इथे पाणी चढतं. धुणं धुताना पायरी बुडाली की आम्ही बायका बादल्या वर घ्यायचो. सासरचं पहिलं वर्ष मला फार जड गेलं. नदीवर गेले की बरं वाटायचं. माहेरचंच पाणी ना ते.

•

मी गोवळकोटचा. आमच्याकडे खाडीचं पाणी दिवसातून दोनदा वर चढतं. पाऊस लागून राहिला की आई पहिलं विचारायची, "ओहोटी कधी लागते रे?" खाली भरती असली की वरचं पाणी उतरत नाही. आता पुण्यात असतो, पण गावाकडे जोराचा पाऊस आहे असं कळलं की आधी भरतीच्या वेळा बघतो आणि मग घरी फोन लावतो.

•

आमचं घर पूररेषेच्या निळ्या पट्ट्यात, म्हणजे बांधकामबंदीच्या भागात आलं. मुलासाठी वर दोन खोल्या काढायच्या होत्या, त्या राहिल्या. विकावं तर गिऱ्हाईक नाही. नदीतला गाळ काढा म्हणून 2021 च्या डिसेंबरात साखळी उपोषण झालं, त्यात मीही बसलो होतो. गाळ निघाला, आणि त्याचं मला मनापासून समाधान आहे. पण काढलेला गाळ काठावरच राहिला तर पहिल्या मोठ्या पावसात तो परत पात्रात जाणार. म्हणून दर मे महिन्यात मी काठाने चालत जाऊन बघून येतो. काल गेलो होतो. आमच्या बाजूला तीन ढीग अजून तसेच आहेत, आणि मृग आठ दिवसांवर आलाय.