गड्ड्याला रेंज फुल, नेट बंद: दोष स्पेक्ट्रमचा की टॉवरचा?

होटगीरोडकर
सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत, म्हणजे आपल्या गड्ड्याला, होम मैदानावर फोनला चार दांड्या असतात, पण क्यूआर स्कॅन केला की चक्र फिरतच राहतं. माझं स्पष्ट मत: लो बँड, म्हणजे लांब जाणाऱ्या कमी फ्रिक्वेन्सीच्या लाटा, कमी पडतोय. 2022 च्या स्पेक्ट्रम (मोबाइलच्या रेडिओ लाटांच्या) लिलावात त्यातला 700 मेगाहर्ट्झ बँड एकाच कंपनीने घेतला, तोही जाण्याला 10 आणि येण्याला 10 मेगाहर्ट्झ. भाव उतरवून उरलेला विकायलाच हवा.

बेसबँड
नाही पटत. दांड्या म्हणजे टॉवरचा रेफरन्स सिग्नल किती जोरात येतोय एवढंच. सेक्टरवर (टॉवरच्या एका दिशेच्या अँटेनावर) किती फोन चढलेत ते त्यात दिसत नाही. हिशेब करा: 10 मेगाहर्ट्झ, हर्ट्झमागे सेकंदाला 2 बिट धरले तर सेक्टरला 20 एमबीपीएस. 400 फोन एकदम चालू झाले की प्रत्येकी 50 केबीपीएस. आणखी 10 मेगाहर्ट्झ दिलात तर 100 केबीपीएस. त्याने काय होणार?
शिवाय 700 लांब जातो, गर्दीत हेच नडतं. शेजारच्या टॉवरचा तोच 700 मैदानात घुसतो आणि एसआयएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती) पडतो. तीच फ्रिक्वेन्सी छोट्या सेलमध्ये पुन्हा पुन्हा वापरायची, हाच मार्ग. मैदानाच्या कडेने गाडीवरचे टॉवर, त्यावर 2300 किंवा 3300 मेगाहर्ट्झ, पॉवर कमी, अँटेना चांगला खाली झुकवलेला. आणि मागे फायबर हवाच, नाहीतर रेडिओ मोकळा आणि बॅकहॉल (टॉवरला नेटवर्कशी जोडणारी लाइन) तुंबलेला.

होटगीरोडकर
यात्रेपुरतं मान्य. पण अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या शेडमध्ये वर्षभर रडगाणं आहे. पत्रा कुठलाच बँड सोडत नाही. लाटा दार-खिडकीतून वळून आत येतात आणि 700 जास्त वळतो. फोनची ताकद जेमतेम 200 मिलिवॅट, त्यामुळे 3300 वर आधी अपलिंक (फोनकडून टॉवरकडे जाणारा सिग्नल) तुटतं. समोरच्याचं ऐकू येतं, आपलं जात नाही.

पूर्वभाग
सिग्नल वाढवणारा बूस्टर लावला की काम होतं की ओ.

बेसबँड
दादा, तो नकाच लावू. विनापरवाना बूस्टर बेकायदा आहे. आतली-बाहेरची अँटेना जवळ असली की माइक शिट्टी मारतो तसा तो स्वतःचाच आवाज वाढवत बसतो. तो गोंगाट टॉवरच्या रिसीव्हरवर आदळतो आणि अख्ख्या सेक्टरचं अपलिंक बसतं. तुमच्या फोनला दांड्या, शेजारच्या दहा शेडचे कॉल कट. ब्रॉडबँड घ्या, वाय-फाय कॉलिंग चालू करा.

होटगीरोडकर
मालकाच्या केबिनमध्ये ते चालेल. मागावरच्या कामगाराला वाय-फायचा पासवर्ड कोण देतो? त्याच्यासाठी बाहेरूनच सिग्नल आत यायला हवा, म्हणून 700 ची मागणी मी सोडणार नाही.