सगळंच फ्लेक्स करायची हौस कशाला?

चांदणीचौक
गेल्या आठवड्यात आमच्याकडे एका पिकअपच्या मॉडेलचा रिव्ह्यू होता. नव्या पोरानं ॲडम्समध्ये (गाडीची हालचाल संगणकावर चालवून बघायचं सॉफ्टवेअर) अकरा फ्लेक्स बॉडी, म्हणजे वाकू-पिळू शकणारे भाग, घातल्या होत्या. फ्रेम, केबिन, चार कंट्रोल आर्म (चाकाला फ्रेमशी जोडणारे हात), दोन्ही नकल (ज्यावर चाक बसतं ते भाग), अँटीरोल बार (गाडीचं कलणं रोखणारी दांडी), स्टिअरिंग कॉलम, रॅकचं हाउसिंग. पडद्यावर सगळं जेलीसारखं थरथरत होतं, रंग तर विचारू नका. साहेब खूश. ६ सेकंदांच्या लेन चेंजचा रन मात्र रात्रभर चालला होता. मी फ्रेम आणि अँटीरोल बार ठेवून बाकी सगळं रिजिड (न वाकणारं) केलं, चहा येईपर्यंत उत्तर हातात. यॉ रेटचे (गाडी उभ्या अक्षाभोवती किती वेगानं वळते त्याचे) दोन्ही आलेख एकमेकांवर ठेवले तर रेघेच्या जाडीइतका फरक.

मग विचारलं, खालच्या आर्मच्या बुशचा (सांध्यातल्या रबराचा) कडकपणा कुठून घेतलास? "आधीच्या प्रोजेक्टमधून, सर." मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा!

माझं म्हणणं सरळ आहे. ड्रायव्हर स्टिअरिंग हलवून हलवून किती हलवणार? ३-४ हर्ट्झ. बॉडी १ ते १.५ हर्ट्झला वरखाली होते, चाक १०-१५ हर्ट्झला उड्या मारतं. फोर्ज केलेल्या आर्मचा पहिला मोड (स्वतःच्या लयीत थरथरण्याचा आकार) काहीशे हर्ट्झला असतो. हँडलिंगच्या प्रश्नात तो मोड कधी जागाच होत नाही. लॅडर फ्रेमची (शिडीसारख्या सांगाड्याची) गोष्ट वेगळी, तिचा पिळाचा मोड कमी हर्ट्झलाच येतो, ती लवचीक हवीच. बाकीच्यांसाठी बुश नीट मोजा.

खड्डेमोजणी
असहमत. मोड जागा होत नाही म्हणून आर्म वाकत नाही, असं कुठंय? स्थिर भाराखालीही तो वाकतोच. बुश १० आणि आर्म १०० धरा, दोन स्प्रिंगा एकामागे एक. एकत्रित कडकपणा ९.१. ते ९ टक्के तुमच्या टो-बदलात (चाकाच्या आत-बाहेर वळण्यात) जाणार आणि के अँड सी रिगवर (सस्पेन्शन दाबून चाक किती वळतं ते मोजायच्या यंत्रावर) गाडी चढली की दिसणार. तेव्हा बुशलाच शिव्या घालत बसाल.

आणि तुम्ही फक्त लेन चेंज बघताय. मी ड्युरेबिलिटीत (भाग किती टिकतो ते बघतो) आहे, आमच्याकडे त्याच मॉडेलमधून जोडबिंदूंवरचे भार काढून एफईएला (भागाचे बारीक तुकडे पाडून ताण काढायच्या गणिताला) देतात. फ्रेम आणि केबिन दोन्ही रिजिड ठेवून एक चाक खड्ड्यात घाला. केबिनच्या माउंटांवर भार कसा वाटला जाईल ते केवळ रबर ठरवतं. प्रत्यक्षात फ्रेम पिळते आणि तो हिशोबच बदलतो. भार १० टक्के चुकला तर ताणही साधारण तेवढाच चुकतो. एस-एन वक्राचा (ताण वाढला की आयुष्य किती घटतं ते सांगणाऱ्या) घातांक ५ धरा. १.१ चा पाचवा घात १.६. म्हणजे १ लाख किलोमीटर सांगितलेला भाग ६२ हजारांवर तडकणार. रेघेची जाडी म्हणे!

चांदणीचौक
९ टक्क्यांचं मान्य. पण रबराच्या बुशचा कडकपणा एका लॉटमधून दुसऱ्या लॉटमध्ये १०-१५ टक्के सहज इकडेतिकडे होतो. दारातून हत्ती जातोय आणि तुम्ही खिडकीची जाळी मोजताय. आर्मचं स्थिर वाकणं हवंच असेल तर बुशच्या आकड्यातच मिळवून टाका, मोड कशाला? तुमच्या ड्युरेबिलिटीला फ्रेम आणि केबिन लवचीक हवेत, हे कबूल. माझा धागा हँडलिंगपुरता समजा.

पीळदार
रात्रभर रन चालला यात लवचीकतेचा दोष नाही हो, पोराचा आहे. (पोराचाही नाही, त्याला कुणी शिकवलंच नसेल.) क्रेग आणि बॅम्प्टन यांची १९६८ची पद्धत काय सांगते? जोडबिंदू जखडून काढलेले नैसर्गिक मोड घ्या, आणि प्रत्येक जोडबिंदूला एकेका दिशेनं एक एकक हलवून मिळणारे आकार घ्या. जोडबिंदूला सहा दिशा, फ्रेमला १० जोडबिंदू, म्हणजे हेच ६० झाले. ऑर्थोगोनल (एकमेकांत न मिसळणारे) केल्यावर त्यातले काही हजारो हर्ट्झला जाऊन बसतात आणि इंटिग्रेटरला (काळाची एकेक पायरी सोडवणाऱ्या गणिताला) मुंगीच्या पावलानं चालायला लावतात. मात्र ते सरसकट छाटूही नका. जोडबिंदूजवळची स्थिर लवचीकता त्यांच्यातच असते. छाटाल तर फ्रेम फुकटची कडक होईल.

त्यापेक्षा डॅम्पिंग (थरथर विझवणारा अवरोध) बघा. ॲडम्समध्ये न विचारता १०० हर्ट्झखाली १ टक्का, १००० पर्यंत १० टक्के आणि त्यापुढे १०० टक्के लागतं. तुमच्या पोरानं ते पाहिलं होतं का? आणि जोडबिंदूच्या भोकातला कोळी (भोकाची कड मधल्या बिंदूला जोडणाऱ्या रेघांचं जाळं) रिजिड बांधला की भार वाटणारा? रिजिड कोळ्यानं भोकाभोवतीचा पत्रा उगाच ताठ होतो.

जाता जाता, छोट्या हॅचबॅकच्या मागच्या ट्विस्ट बीमचं (दोन्ही मागची चाकं जोडणाऱ्या, पिळणाऱ्या तुळईचं) काय करणार? तो रिजिड केला तर गाडी रोलच होणार नाही. उघड्या यू किंवा व्ही आकाराच्या त्या बीमचं शिअर सेंटर (जिथं भार लावला तर बीम पिळत नाही तो बिंदू) धातूच्या बाहेर हवेत असतं आणि चाकाचा टो-कॅम्बर (वळणं आणि कलणं) त्याच्यावर ठरतो. तिथं तुमचा "हँडलिंगला रिजिड चालतं" हा नियम पहिल्याच वळणावर आडवा.

भोसरी_टी_ब्लॉक
तुम्ही सगळे कारवाले. टेम्पोची पाटा स्प्रिंग आणून दाखवा कुणीतरी मोडमध्ये! पाट्यांमध्ये घर्षण आहे, भार चढवताना एक वाट आणि उतरवताना दुसरी. रेषीय मोडना घर्षण कळतच नाही. आम्ही बीमचे तुकडे करून मध्ये कॉन्टॅक्ट टाकले, सॉल्व्हर दर दोन मिनिटांनी मान टाकायचा. शेवटी खरी स्प्रिंग जिगवर दाबली, वर जातानाचे आणि खाली येतानाचे आकडे कागदावर घेतले आणि तो फाकलेला आलेख तसाच मॉडेलमध्ये भरला. महिनाभराचं डोकं एका दुपारच्या कामानं वाचलं असतं. चांदणीचौक, मी तुमच्याच बाजूनं आहे, पण कारण वेगळं.

पीळदार
भोसरी, जिगवर फक्त वरखाली दाबलीत ना? ब्रेक लागल्यावर स्प्रिंग एस आकारात गुंडाळते, ते त्या आलेखात नाही. तुमचा टेम्पो ब्रेकला ॲक्सल फिरवेल आणि मॉडेल म्हणेल सगळं ठीक.

भोसरी_टी_ब्लॉक
हं. ब्रेकिंग त्या प्रोजेक्टमध्ये नव्हतं. पण मुद्दा बरोबर.

रोलकेज_२०
दादा लोक, मध्येच घुसतोय. आमची कॉलेजची बाहाची (विद्यार्थ्यांच्या ऑफ-रोड गाड्यांची स्पर्धा) टीम आहे. फॅकल्टी म्हणतात ट्यूबच्या फ्रेमची फ्लेक्स बॉडी करा, रिपोर्टला वजन येतं. करू का?

चांदणीचौक
रिपोर्टला वजन नंतर, आधी फ्रेमलाच वजन टांग. स्प्रिंग-शॉकच्या जागी ताठ दांडे लाव, नाहीतर स्प्रिंगच मोजशील. मागची दोन्ही हब घट्ट बांध. पुढची दोन्ही एका आडव्या पट्टीवर, पट्टी मधोमध टेकव, सीसॉसारखी. एका टोकाला माहीत असलेलं वजन लटकव आणि फ्रेम किती अंश फिरली ते मोज. टॉर्कला अंशानं भागलं की पिळाचा कडकपणा. तो सस्पेन्शनच्या रोल कडकपणाच्या कितीतरी पट निघाला तर हँडलिंगसाठी रिजिड ठेव आणि झोप काढ. जवळपास निघाला तर पीळदार काकांकडे जा.

पीळदार
काका?! असो. आणि अँटीरोल बार बदलताना एवढं ध्यानात ठेव, पीळ व्यासाच्या चौथ्या घातावर जातो. २० मिमीचा २२ केलास तर कडकपणा ४६ टक्के वाढतो. तिथं फ्लेक्स बॉडीआधी व्हर्नियर लाव.

खड्डेमोजणी
मी अजूनही म्हणतो, हे सगळं हँडलिंगपुरतं. बाहाची गाडी उड्या मारते, वेल्ड तडकतात. भार काढायचे असतील तर फ्रेम लवचीकच हवी.

रोलकेज_२०
आधी वजन टांगतो मग. डायल गेज (बारीक हालचाल मोजायचं तबकडीचं यंत्र) आमच्या मेट्रॉलॉजी लॅबमध्ये आहे. मॅग्नेटिक स्टँड फ्रेमलाच चिकटवलं तर चालेल ना?

भोसरी_टी_ब्लॉक
नको रे, फ्रेमबरोबर गेजही फिरेल. वेगळ्या टेबलावर लाव. आणि वजन चढवताना वाच, उतरवतानाही वाच. शून्यावर परत आलं नाही तर आधी हबचे बोल्ट बघ.