निरोगी माणसाच्या मेंदूवर नव्या औषधाची पहिली चाचणी: नुसती संमती पुरेशी आहे का?

हर्णैकर
१ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीत आमच्या बंदरातल्या खलाशांच्या हाताला काम नसते. वाडीतला एक तरुण मुंबईतल्या औषधचाचणीला नाव देणार आहे. औषध मज्जातंतूंच्या वेदनेवरचे, अजून प्रयोगावस्थेतले. मानधनाची रक्कम ठळक अक्षरांत आणि तिचा मोठा हप्ता शेवटच्या तपासणीनंतर, असे संमतीपत्र वाचताना मला रेन आठवले. फ्रान्समधल्या या शहरात जानेवारी २०१६ मध्ये बीआयए १०-२४७४ हे संयुग सहा निरोगी स्वयंसेवकांना रोज ५० मिलिग्रॅम दिले जात होते. १० तारखेच्या संध्याकाळी एकाला रुग्णालयात हलवावे लागले, तरी दुसऱ्या सकाळी उरलेल्या पाच जणांना पुढचा डोस दिला गेला. पहिला १७ तारखेला दगावला आणि आणखी चौघांच्या मज्जासंस्थेवर परिणाम झाला. पैशाची निकड असलेल्या निरोगी माणसावर अशी पहिली चाचणी होऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गुहागरवासी
काका, मी असहमत आहे. नागीण बरी होऊनही माझ्या आईची आग थांबलेली नाही. पदराचा स्पर्शसुद्धा तिला सोसवत नाही आणि सध्याच्या गोळ्यांनी ती दिवसभर गुंगीत असते. पहिली मात्रा रुग्णांनाच द्यायची म्हटले, तर उद्भवलेला त्रास आजाराचा, आधीच्या गोळ्यांचा की नव्या औषधाचा, हे कळणार कसे? रेनमध्येच त्याआधी ८४ जणांनी हे संयुग घेतले होते आणि त्यांना गंभीर इजा झाली नव्हती. दोष तिथल्या कारभाराचा होता. त्यापायी चाचण्याच थांबवणे आईसारख्या रुग्णांवर अन्यायाचे ठरेल.

लोटे केमिस्ट
ताई, दोष केवळ कारभाराचा नव्हता. आनंदामाइड हे शरीरातले वेदना शमवणारे रसायन मोडणारे एफएएएच हे विकर (एन्झाइम) रोखून वेदना कमी करावी, ही या संयुगामागची कल्पना. इतर कंपन्यांची याच वर्गातली औषधे सुरक्षित राहिली, पण वेदनेवर चालली नाहीत. बीआयए मात्र मेंदूतल्या मेद हाताळणाऱ्या इतर विकरांनाही चिकटत असल्याचे २०१७ मध्ये प्रयोगशाळेत दिसले. शिवाय एफएएएच पूर्णपणे रोखायला लागते त्याच्या कितीतरी पट मात्रा त्या सहा जणांना दिली होती. कारखान्यात एक बॅच बिघडली की कारण सापडेपर्यंत आम्ही पुढची चढवत नाही. इथे तर माणसे होती.

गुहागरवासी
हे मान्य, पण यातून मात्रा आणि देखरेखीचे नियम कडक करावेत एवढेच निघते. युरोपने २०१७ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे सुधारली. आपल्याकडच्या २०१९ च्या नियमांत इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई आहे, कधीही बाहेर पडण्याचा हक्कही आहे.

हर्णैकर
बाहेर पडल्यावर मोठा हप्ता बुडणार असेल, तर बंदीच्या महिन्यांत तो हक्क वापरणार कोण? आणि शेजारच्या खाटेवरचा आजारी पडल्याचे कळलेच नाही, तर बाहेर पडायचे कशाच्या आधारावर? रेनमध्ये उरलेल्यांना ते नीट सांगितलेच गेले नव्हते. त्या मुलाला मी दोन गोष्टी लेखी मागायला सांगितले आहे: त्याच्याआधी ही मात्रा किती जणांनी घेतली आणि त्यांचे काय झाले, तसेच गटातला कोणी रुग्णालयात गेल्यास पुढच्या डोसआधी त्याला ते कळवले जाईल, ही हमी. ती मिळाली नाही तर त्याने सही करू नये.