खडकाचं ‘काठिण्य’, ‘सामर्थ्य’ की ‘ताकद’?

मुक्ता: बोगद्याच्या खडकचाचणी अहवालाचा गोषवारा मराठीत करतेय, गावकऱ्यांना वाटायला. आधीच्या मसुद्यात ‘बेसाल्टचे काठिण्य १२० मेगापास्कल’ आहे. मी ‘संपीडन सामर्थ्य’ केलं, तर वरिष्ठ म्हणाले, कुणाला कळणार? काय लिहू?

टाकीचे घाव: काठिण्य नकोच. ते ओरखड्याचं माप, मोहसच्या श्रेणीतलं. दाबून फोडताना मोजतात ते सामर्थ्य.

घाटवाट: ‘दाब सोसण्याची ताकद’ लिहा. आमच्याकडे विहीर खणताना मांजऱ्या (कच्चा खडक) लागला की ‘दगडात ताकद नाही’ असंच म्हणतात.

भूस्तर: शब्द कुठलाही घ्या, माझी हरकत ‘बेसाल्टचे’ला आहे. आकडा त्या नमुन्याचा असतो. बुटका नमुना घेतला की यंत्राच्या पाट्यांशी होणाऱ्या घर्षणानं त्याची टोकं आवळली जातात आणि आकडा फुगतो. म्हणून आंतरराष्ट्रीय खडक यांत्रिकी संस्था उंची व्यासाच्या २.५ ते ३ पट ठेवायला सांगते. दाब झपाट्यानं वाढवला तरी आकडा चढतो, सेकंदाला ०.५ ते १ मेगापास्कल ही शिफारस त्यासाठीच. नमुना मोठा केला की उलट घडतं. खडक यांत्रिकीतले तज्ज्ञ होएक आणि ब्राऊन यांच्या सूत्रानं ५० ऐवजी २०० मिलिमीटर व्यास घेतला तर सामर्थ्य साधारण ७८ टक्क्यांवर येतं. नमुना सुका होता की भिजलेला, हेही लिहाच.

टाकीचे घाव: ताण सोसण्याच्या सामर्थ्याचंही तेच, आकडा चाचणीच्या पद्धतीवर ठरतो. ब्राझिलियन चाचणीत चकती कडेवर उभी करून दाबतात, ती मधोमध चिरते. सरळ ओढून तोडलं तर आकडा बहुधा कमी येतो.

घाटवाट: ‘चाचणी’ कशाला? ‘कसोटी’ म्हणा. ‘कषपट्टिके’वरून आलेला शब्द, मुळात सोन्याचा कस लावायचा दगडच.

भूस्तर: कसोटीला उतरणं-न उतरणं असतं. इथे नुसतं मोजायचंय, म्हणून चाचणीच.

घाटवाट: मग ‘कसोटी सामना’त काय मोजतात?

टाकीचे घाव: तो ‘टेस्ट’चा तर्जुमा, त्याचा दाखला देऊ नका. पाथरवट दगडावर हातोडी मारून खणखणीत वाजतो की बद्द, ते ऐकतात. तिला मात्र मी कसोटीच म्हणेन, कारण बद्द वाजलेला दगड ते बाजूला टाकतात.

मुक्ता: अहवालात नमुन्याची उंची दिलेलीच नाही, नुसता व्यास आहे. आता?

घाटवाट: ‘बद्द’ला विदर्भात काय म्हणतात?