कर्ज फेडणाऱ्यांचा गट म्हणजे 'रडणाऱ्यांचा मेळावा'? मला हे अजिबात पटलेलं नाही

सातपूरकर
परवा इथे एका धाग्यावर मी विचारलं होतं की कर्ज फेडायचा प्लॅन नुकताच सुरू केलेल्यांचा नाशकात कुठे गट आहे का, आमच्या गटात एकजण नवीन आलाय, त्याला घराजवळ हवाय. त्यावर उत्तर आलं, "कर्ज काढताना ग्रुप लागला होता का? एक्सेल शीट करा आणि गप्प फेडा. बाकी सगळा रडणाऱ्यांचा मेळावा." खाली पंधरावीस लाइक. दोन दिवस गप्प बसलो, आता लिहितोच.

२०२२ मध्ये माझ्यावर दोन कार्डं, एक पर्सनल लोन आणि तीन ॲपची कर्जं मिळून ७ लाख ४० हजार होते. पगार ३८ हजार. एक्सेल शीट होती माझ्याकडे, रंगीत होती. एका कार्डावर १ लाख ८० हजार बाकी, महिना साडेतीन टक्के व्याज म्हणजे ६,३००, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे अजून १,१३४. मिनिमम ५ टक्के, ९,००० भरायचो. म्हणजे मुद्दलातून गेले किती, तर १,५६६. हे शीटने मला महिन्याच्या महिन्याला दाखवलं आणि मी ती बंद करून झोपायचा प्रयत्न करायचो. शीटमध्ये आकडे असतात हो, पण उद्या सकाळी सव्वाआठला फोन वाजला की काय बोलायचं ते नसतं.

आणि एक गोष्ट. माझा हप्ता ५ तारखेला, पगार ७ ला. चौदा महिने दर महिन्याला हप्ता बाउन्स, माझ्या बँकेचे ५०० अधिक जीएसटी, ५९० रुपये. नुसते ते ८,२६० झाले, समोरच्या कंपनीचा बाउन्स चार्ज वेगळाच. हे मला कोणी सांगितलं? कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसणाऱ्या माणसाने. "अरे तारीख बदलून घे ना, अर्ज दे, मी दिला होता." एवढंच. तो स्वतः त्यातून गेला होता म्हणून त्याला माहीत होतं. आता आम्ही सिडकोत पाचजण रविवारी बसतो. आपसात उसने पैसे द्यायचे नाहीत, कोणी कुठलं लोन सुचवायचं नाही, हे दोनच नियम. यात मेळावा काय आहे ते सांगा.

हिशेबचोख
ती कमेंट माझी आहे, लपवत नाही. ३१ वर्षं बँकेत काढली, त्यातली नऊ वसुलीत, त्यामुळे कर्जदार मला पुस्तकातून माहीत नाहीत. तुमचा पाचजणांचा गट चांगला असेल, पण लोक गट म्हणतात तेव्हा काय असतं ते मी पाहिलंय. आमच्या सोसायटीतला मुलगा अशाच एका टेलिग्राम ग्रुपमध्ये गेला. तिथे सगळे दादा, भाऊ, आपण सगळे एकाच बोटीत वगैरे. त्यातल्या एकाने सांगितलं सगळे हप्ते बंद कर, सहा महिन्यांत बँक ४० टक्के घेऊन सेटल करते, बाकीचं सोडून देते, आमच्या ओळखीची कंपनी आहे, फक्त महिन्याला फी भर. हा पोरगा फी भरत राहिला आणि हप्ते बंद. पुढे वकिलाची नोटीस आली तेव्हा त्याला कळलं की ऑटो डेबिट बाउन्स होणं हाही चेक बाउन्ससारखाच गुन्हा धरतात, २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट कायद्याचं कलम २५. गटात हे कोणी सांगितलं नव्हतं. आणि तो "दादा" कर्जदार नव्हताच, एजंट होता.

ठाणे_स्लो
काका तुम्ही सेटलमेंटला सरसकट शिव्या घालताय ते चूक आहे. मी केलंय सेटलमेंट. २०२० मध्ये हॉटेलातली नोकरी गेली, आठ महिने घरी, कार्डाचे २ लाख झाले, शेवटी ८५ हजारात मिटवलं, बायकोचे दागिने मोडून. पश्चात्ताप नाही. न मिटवता काय केलं असतं?

हिशेबचोख
मिटवलं ते ठीक, पण क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे बँका बघतात त्या तुमच्या कर्जांच्या नोंदीत, "सेटल्ड" असं लागलं ना? "क्लोज्ड" नाही. बँकेत फाइल माझ्यासमोर आली की मी आधी तोच शब्द शोधायचो. सेटल्ड म्हणजे या माणसाने कोणाचे तरी पैसे बुडवलेत, तडजोड करून का होईना. घराचं लोन मागायला जा मग कळेल.

ठाणे_स्लो
घराचं लोन?? माझ्या घरात तेव्हा गॅस सिलेंडरला पैसे नव्हते आणि तुम्ही मला होम लोनचं सांगताय. हेच ते. तुम्हा लोकांना नेहमी स्कोर दिसतो, माणूस दिसत नाही.

हिशेबचोख
"तुम्हा लोकांना" म्हणजे कोणाला? मी स्वतःच्या खिशातून दोन शिपायांची कर्जं फेडलीत, ते इथे सांगायचं नव्हतं. सेटलमेंट करूच नका असं मी म्हटलेलं नाही. बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय एक रुपया भरू नका, रक्कम आणि शेवटची तारीख त्यात लिहिलेली हवी, आणि पुढे कधी जमलं तर माफ केलेला फरक भरून क्लोज्ड करून घ्या, नो ड्यूज म्हणजे काही बाकी नाही असं पत्र घ्या. बँका घेतात. हे तुम्हाला तेव्हा कोणी सांगितलं का?

ठाणे_स्लो
नाही. फरक भरता येतो हे आत्ता कळलं. पण सांगायची पद्धत बघा तुमची.

रानजाई
दोघांनी जरा थांबा. सेटल्ड-क्लोज्ड वर नवीन धागा काढा हवं तर. मूळ विषय गटाचा आहे.

माझ्या नवऱ्याने सात ॲपवरून कर्ज घेतलं होतं आणि मला माहीत नव्हतं. मला कसं कळलं, तर माझ्या शाळेच्या मुख्याध्यापिकेला फोन आला की तुमच्या शिक्षिकेचा नवरा चोर आहे. मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं आणि पाण्याचा ग्लास पुढे केला, तो ग्लास मला अजून आठवतो, त्यावर शाळेचं नाव होतं. माझा त्यांच्या ॲपशी संबंध नाही, पण नवऱ्याच्या फोनमधले सगळे नंबर त्यांच्याकडे. आता २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ॲपला कॉन्टॅक्ट लिस्ट घेता येत नाही, आणि वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायचे नाहीत. मला तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं, मी साडेदहा वाजता रात्री फोन उचलून माफी मागायचे. माफी! कर्ज माझं नाही आणि माफी मी मागतेय.

आम्ही दोघांनी मग वहीत सगळं मांडलं, पण त्याहून मोठं काम होतं ते त्याला पहिले तीन महिने जिवंत आणि ताळ्यावर ठेवणं. खरंच सांगते, मी त्याला गच्चीवर एकटं जाऊ देत नव्हते. तेव्हा त्याच्याशी त्याच्याच सारख्या एकाने रोज रात्री दहा मिनिटं बोललं असतं तर मला झोप मिळाली असती. बायको बोलली की त्याला लाज वाटायची, भाऊ बोलला की भांडण. (कोणी असं काठावर असेल तर टेलिमानस १४४१६ लावा, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.)

कृष्णाकाठ
मला रानजाईंबद्दल पूर्ण आदर आहे पण तुम्ही सगळे "गट गट" असं प्रेमाने म्हणताय ना, माझ्या अंगावर काटा येतो. आमच्या गावाकडे कर्ज म्हटलं की गटच असतो. मायक्रोफायनान्सचा. पाच-दहा बायका, एकमेकींना जामीन, दर आठवड्याला एकीच्या ओसरीवर मिटिंग. २०१९ च्या पुरात आईचं घर छपरापर्यंत पाण्यात होतं. पाणी उतरलं, भिंतीवर चिखलाची रेघ होती माझ्या डोक्याच्या वर, आणि हप्ता चुकला. साहेब येऊन ओरडला नाही. त्याला गरजच नव्हती. त्याने एवढंच सांगितलं की हिचा हप्ता आला नाही तर कोणालाच पुढचं कर्ज नाही. मग गटातल्या बायका येऊन दारात बसल्या. त्यांचीही घरं बुडालेली. त्यात माझी सख्खी काकू होती. संध्याकाळ झाली तरी उठेनात, आई आत भांडी घासत होती, घासून झालेली भांडी परत घासत होती. आजही आई आणि काकू बोलत नाहीत. हा तुमचा गट.

सातपूरकर
ताई, वाचून गप्प झालो. पण तो वेगळा गट आहे हो. तिथे एकीचे पैसे दुसरीच्या मानेवर होते.

कृष्णाकाठ
माहीत आहे मला वेगळा आहे. पण सुरुवातीला तिथेही हेच बोलायचे, एकमेकींना आधार, बहिणी बहिणी. आधार आणि पाळत यात बोटभर अंतर असतं. तुमच्याकडे रविवारी एखाद्याने सांगितलं की या महिन्यात मी मुलीला सायकल घेतली, हप्ता अर्धाच भरला, तर बाकीचे चारजण काय बघतील त्याच्याकडे? खरं सांगा.

सातपूरकर
खरं सांगतो. झालंय असं. सायकल नव्हती, मोबाइल होता. आमच्यातला एकजण चिडला, म्हणाला मी चप्पल शिवून वापरतोय आणि हा मोबाइल घेतोय. तो माणूस पुढचे दोन रविवार आला नाही. मग मी त्याच्या घरी गेलो, प्लॅनबद्दल एक शब्द काढला नाही, चहा घेतला आणि आलो. तिसऱ्या रविवारी आला. तेव्हापासून कोणी कोणाचा खर्च विचारत नाही, ज्याला सांगायचं तो सांगतो. पण तुमचं बरोबर आहे, ती नजर होती आमच्यात. हे आधी लिहायला हवं होतं मी.

घाटपायथा
सगळे मुळावर बोलतच नाहीत. कर्ज होतं कशाने? लग्नाने! माझ्या बहिणीच्या लग्नात ४०० ताटं, वर देण्याघेण्याच्या साड्या, त्याचं पर्सनल लोन मी पाच वर्षं फेडलं, १६ टक्क्यांनी. जेवून गेलेल्यांपैकी एकाने विचारलं नाही नंतर. आधी लग्नं साधी करा मग गट काढा.

रानजाई
दादा, ज्याचं लग्न होऊन गेलंय आणि हप्ता चालू आहे त्याने काय करायचं?

स्लाऊकर
इंग्लंडमधून लिहितोय. इथे कर्ज फेडायच्या अशा प्लॅनला डेट मॅनेजमेंट प्लॅनच म्हणतात. स्टेपचेंज नावाची धर्मादाय संस्था आहे, १९९३ पासून, एक पैसा फी घेत नाही. तुमचं उत्पन्न-खर्च बसून काढतात, उरेल तेवढी रक्कम महिन्याला एकदाच भरायची, ती कर्ज देणाऱ्या सगळ्यांत वाटली जाते. २०२१ च्या मे पासून कायद्याने साठ दिवसांची उसंतही मिळते, तेवढ्यात बहुतेक व्याज आणि वसुली थांबते. मी २०१७ मध्ये या प्लॅनवर होतो. इतकं सगळं असूनही पहिल्या महिन्यात मी कर्जवाल्यांकडून आलेली पाकिटं उघडत नव्हतो. लाल शिक्क्याची पाकिटं फ्रीजवर रचून ठेवलेली. ती माझ्यासोबत बसून उघडली कामावरच्या एका पंजाबी मित्राने, जो आधी त्याच प्लॅनवर होता. त्यामुळे यंत्रणा असली की गट लागत नाही हे खरं नाही.

हिशेबचोख
तुमच्याकडे आहे हो ते. आपल्याकडे सामान्य माणसाच्या दिवाळखोरीचा भाग २०१६ च्या कायद्यात लिहिलाय, पण तो कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपलीकडे अजून लागूच केलेला नाही. बँकांची समुपदेशन केंद्रं काढा असं रिझर्व्ह बँकेने २००९ मध्ये सांगितलं होतं. माझ्याकडे वसुलीत आलेल्यांपैकी तिथे आधी जाऊन आलेला माणूस मला एकही भेटला नाही. म्हणून तर म्हणतो, यंत्रणा नाही तिथे नुसत्या गटात ऐकीव माहिती फिरते.

सातपूरकर
यंत्रणा नाही म्हणूनच एकमेकांना विचारावं लागतं ना काका! तुम्ही ३१ वर्षं आत होतात. आम्हाला काउंटरवर "साहेब जेवायला गेलेत" याच्यापुढे कोणी काही सांगितलं नाही.

हिशेबचोख
तेवढं मान्य. हप्त्याची तारीख बदलता येते हे आम्हीच आपणहून सांगायला हवं होतं, सांगत नव्हतो. बाकी माझं मत तेच आहे. गटात एक जरी एजंट शिरला तर पाचही घरं जातात.

कृष्णाकाठ
आणि माझंही. जामीन, भिशी, उसनवार यातलं काही आलं की त्या दिवशी गट मोडा. मोडणार असाल तर ठीक.

नवीन_वाचक
नमस्कार, पहिल्यांदाच लिहितोय. काल रात्रीपासून धागा वाचतोय. माझी तीन कर्जं आहेत, एक कार्ड ९२ हजार, एक ॲप १४ हजार, एक पर्सनल लोन ३ लाख. घरी माहीत नाही. उद्या हप्ता आहे ६,८००, खात्यात २,१०० आहेत, पगार परवा. काय करू? ॲपवाले दुसरं लोन देतायत आत्ताच्या आत्ता, बटण दाबलं की जमा.

सातपूरकर
ते बटण दाबू नका. मी तीनदा दाबलंय. बाउन्स होऊ दे, परवा पगार झाल्या झाल्या हप्ता हाताने भरा आणि त्याच दिवशी तारखेचा अर्ज टाका. आधी १४ हजारांचं ॲप संपवा, एक तरी फोन बंद होतो, श्वास घेता येतो.

हिशेबचोख
आधी ज्याचं व्याज जास्त ते, हा नियम आहे. कार्ड. ॲपचा दर कराराच्या कागदावर बघा आणि मग ठरवा. आजच मेल टाका कंपनीला की पगार परवा आहे, परवा भरतो. मेल हवा, फोन नको. वसुलीवाल्यांनी त्रास दिला तर कर्ज देणाऱ्या कंपनीकडे लेखी तक्रार, तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, १४४४८ ला माहिती मिळते.

रानजाई
घरी आज सांगा. फोन जायच्या आधी तुमच्या तोंडून कळू दे. जेवणं झाल्यावर सांगा, आधी नको.

नवीन_वाचक
बायकोला सांगितलं. ती काही बोलली नाही, उठून वही घेऊन आली. मेल टाकलाय.

(दोन दिवसांनी) पगार झाला, हप्ता भरला. तारखेचा अर्ज घेतलाय, पुढच्या महिन्यापासून १० तारीख करतो म्हणाले. बाउन्सचे ५९० कापले गेले आणि कंपनीनेही ४५० लावलेत.

हिशेबचोख
कंपनीचे ४५० माफ करा म्हणून लिहा, मेलची तारीख दाखवून. देतातच असं नाही, पण मागा. अर्जाची पोच घेतलीत ना? शिक्क्याची?

नवीन_वाचक
शिक्का नाही घेतला. उद्या परत जातो.